आतून कडी

आमच्या दुकानात माणसं नळ घ्यायला येतात आणि भांडून जातात. माझ्याशी नव्हे, आपसात. मंचरला माझं सॅनिटरीचं दुकान आहे. टाईल्स, नळ, बेसिन, कमोड, दारं, कड्या, सगळं मिळतं. वडिलांनी काढलं, मी चालवतो. नवरा-बायको एका मोटरसायकलवरून हसत उतरतात आणि संडासाच्या फरशीचा रंग ठरवता ठरवता एकमेकांच्या मामावर आणि लग्नातल्या मानपानावर घसरतात. मी मध्ये पडत नाही. चहा मागवतो आणि फरशीचं दुसरं खोकं उघडतो. अशा पुष्कळ न्हाण्या माझ्या हातून गेल्या. सगळ्या विसरलो. एक तेवढी विसरता येत नाही, ती ठकूमावशीची.

ठकूमावशी महाळुंगे पडवळची. पहिल्यांदा आली तेव्हा दुकानाच्या पायरीवर तिनं चपला काढल्या, उचलून काखेत धरल्या आणि मग आत आली. बाहेर ठेवल्या तर कुत्रं नेतं, असं तिचं म्हणणं. आमच्या पेठेत चपला नेणारं कुत्रं नाही, हे मी तिला पुढे बऱ्याचदा समजावलं. "कुत्रं सगळीकडं आसतं," ती म्हणायची. अंगानं वाळकी, उंच, हातात काठी. काठीवर भार मात्र कधी टाकायची नाही. काठी नुसती सोबत असायची. तिचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की घाटाखाली उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचं, यात तिचा जन्म गेला होता. पुढे मुलानं सगळं एका जागी आणलं, शेती केली, तरी थोड्या मेंढ्या तिनं हट्टानं ठेवल्याच होत्या.

"मावशी, तुम्हाला काय दाखवू?" मी विचारलं.

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. "तुमाला म्हंजी कुनाला? मी येकटीच हाय."

त्या दिवसापासून मी तिला तू म्हणायला लागलो आणि ती मला शेट. शेट म्हणायची, पण वागणूक गड्याची द्यायची.

"न्हाणी करायचीय," ती म्हणाली. "जुन्या पद्धतीची."

मला वाटलं, आता जमलं. हल्ली जुन्याची चलती आहे. पुण्या-मुंबईचे लोक इकडे डोंगराकडेला घरं बांधतात आणि त्यांना नवाकोरा नळ जुनाट दिसणारा लागतो. त्याला विंटेज म्हणतात. मी तसला माल ठेवतो, चांगला खपतो. मी रंगीत चित्रांचं पुस्तक तिच्यापुढे उघडलं. तिनं एका नळावर बोट ठेवलं. मुद्दाम काळपट केलेला, हिरवट डागांचा नळ होता.

"ह्यो आजारी हाय का?"

"तशीच फॅशन आहे, मावशी."

"बरं झालं मला सांगितलंस," ती म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

तिला हवी होती ती न्हाणी कुठल्याच पुस्तकात नव्हती. गावाबाहेर ओढ्याच्या वर एक जुनी दगडी बंगली आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, वर कौलं आणि मागच्या बाजूला एक न्हाणीघर. कधीकाळी ती एका डॉक्टरीणबाईंची होती. त्या गेल्या, मग नातेवाईक आले, मग भाडेकरू. शेवटच्या भाडेकरूनं तर न्हाणीत कांदा भरला होता. ती बंगली भोवतालच्या रानासकट ठकूमावशीच्या मुलानं, बबननं, विकत घेतली. बबन चाकणला कंपनीत. साधा, मेहनती माणूस, बोलायला कमी. त्याला रान हवं होतं. बंगली बरोबर आली म्हणून आली, आणि घरची माणसं तिथंच राहायला गेली. न्हाणीकडची बाजू पाडून तिथं पिकअपसाठी शेड टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं. आणि म्हातारी म्हणत होती की पाडायची नाही, ती न्हाणी पूर्वी होती तशीच्या तशी परत उभी करायची. का, ते सांगत नव्हती. शेवटी बबननंच शेडचा नाद सोडला.

मग सुरू झालं तिचं प्लॅनिंग. मंचरला काहीही काम असो, दवाखाना, बाजार, कुणाचं लग्न, ती दुकानात यायचीच. यायची आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून काठीनं फरशीवर रेघ ओढायची. "ही भिंत. ह्यो दरवाजा. हितं टब." रेघ उमटायची नाही, कारण फरशी माझ्या दुकानातली, पॉलिशची. तरी तिला ती दिसायची. गिऱ्हाईक आत आलं की ती काठी आडवी धरायची.

"तिकडनं जाऊ नगा. तिथं भिंत हाय."

आणि गिऱ्हाईक खरोखर वळसा घालून यायचं. एकदा तर एक इंजिनिअर साहेब नसलेल्या दारातून वाकून आत आले. मी ते स्वतः पाहिलं आहे.

दार तिला रुंद हवं होतं. किती रुंद? "मेंढरू खांद्यावर आडवं घेतल्यालं मानूस सरळ आत गेलं पायजे." रामदास मिस्तरी, जो ते काम करणार होता, तो डोक्याला हात लावून माझ्याकडे बघायचा. न्हाणीचं दार तेवढं कुणी करत नाही. तेवढं दार गोठ्याला करतात. "मावशे, न्हाणीत मेंढरू खांद्यावर घेऊन कशाला जाशील?" त्यानं विचारलं.

"मी जाईन का न्हाई ते मी बघीन. तू दार कर."

सगळंच तिला बरोबर आठवत होतं असंही नाही, हेही सांगून टाकतो. खिडकी खूप उंच होती, अगदी छताला टेकलेली, असं ती छातीठोक सांगत होती. रामदासनं जुना गिलावा खरवडला तेव्हा बुजवलेली मूळ खिडकी सापडली. ती त्याच्या छातीएवढ्या उंचीवर निघाली. रामदासला आनंद झाला. त्यानं मुद्दाम फोन करून मला बोलावून घेतलं. मावशीनं खिडकीकडं पाहिलं, मग खाली जमिनीवर बसली आणि तिथून वर पाहिलं.

"हितनं उंचच हाय," ती म्हणाली. "मी बसल्याली व्हते."

खिडकी तिथंच राहिली.

मग टब. मूळचा लोखंडी टब पांढऱ्या मुलाम्याचा होता आणि त्याला पाय होते. "बिबट्याचे पाय," ती म्हणायची. आमच्या भागात कुठल्याही पंजाला बिबट्याचाच पंजा म्हणतात, त्यात नवल नाही. परवा परवापर्यंत उसात निघत होता. तो टब बंगलीतून कधीच नाहीसा झाला होता. पण मावशी कधीकाळी बेल्ह्याच्या बाजारात मेंढ्या विकायला गेली असताना तिथं एका बैलांच्या व्यापाऱ्याकडं तिला तो दिसला होता. तो त्यातून बैलांना पाणी पाजायचा. "पाय बगूनच वळखला," ती म्हणाली. "आन मला."

मी म्हणालो, मावशी, मी दुकानदार आहे, दुसऱ्याच्या बैलांचा टब मी कुठून आणू? ती म्हणाली, तुझ्याकडं टेम्पो हाय न्हवं. मी ड्रायव्हरला पाठवतो म्हणालो. ती म्हणाली, ड्रायव्हरला टब कळत न्हाई. शेवटी बाजाराच्या दिवशी माझा टेम्पो, माझं डिझेल आणि मी स्वतः. माणूस चिडतो कसा आणि तरी जातो कसा, ते मला त्या दिवशी समजलं.

टब खरोखर होता. व्यापाऱ्याच्या राहुटीपुढं, पाण्यानं अर्धा भरलेला, कडेला एक बैल तोंड घालून उभा. पाय तीनच होते. चौथ्याच्या जागी वीट. तोच टब होता का? माझ्या मते नसावा. पण मला विचारलं कुणी! मावशीनं त्याच्याभोवती एक फेरी घेतली, काठीनं पोटावर वाजवून पाहिलं, वाकून पाय चाचपले.

"लंगडा हाय," ती व्यापाऱ्याला म्हणाली.

"लंगडा असला तरी जात चांगली हाय, मावशी," व्यापारी म्हणाला. "इकायचा न्हाई पन. बैलं कुठं पानी पितील?"

मावशीनं नुसता हात पुढं केला. व्यापाऱ्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, मग खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या हातावर टाकलं आणि आपला हात उपरण्याखाली घातला. बेल्ह्याला भाव असाच होतो. तोंडानं कुणी आकडा काढत नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, मान हलवायची. बैलाचा, गाईचा, मेंढरांचा सौदा असा मी पाहिला होता. न्हाणीच्या टबाचा पहिल्यांदाच पाहत होतो. माणसं जमली. दोघांच्याही तोंडावरची माशी उडत नव्हती. उपरणं हलत होतं. मध्येच व्यापारी हात सोडून निघाला, चार पावलं गेला, परत आला. पुन्हा उपरणं. मग झालं. भाव काय ठरला हे मला आजतागायत माहीत नाही. व्यापाऱ्याच्या तोंडावरून त्याला तोटा झाला असावा, आणि मावशीच्या तोंडावरून तिलाही. विकलेल्या जनावराच्या पाठीवर टाकतात तसा व्यापाऱ्यानं टबावर चिमूटभर गुलाल टाकला.

परतताना ती पुढं माझ्याशेजारी बसेना. टब मागं एकटा हलेल, आपटेल. ती टेम्पोत मागं चढली आणि सरळ टबात बसली, काठी उभी धरून, पदर डोक्यावर. हमरस्त्यानं आम्ही तसे निघालो. मागून येणाऱ्या गाड्या आम्हाला ओलांडून जाईनात, बघत मागंच राहात होत्या. आळेफाट्याला मी चहाला थांबलो. ती उतरली नाही, म्हणून चहा टबात नेऊन दिला.

मी फळीला टेकून उभा राहिलो आणि एकदाचं विचारलंच. "मावशी, एवढं काय आहे त्या न्हाणीत?"

तिनं बशीत चहा ओतला, फुंकला.

"शेट, आमी त्या डॉक्टरीनबाईंच्या रानात मेंढरं बसवली व्हती. खतासाठी बसवत्यात, तशी. मेंढरांचा वाडा, आमचा तळ, तिथंच व्हता. बबन त्या वाड्यावरच झाला, पालात. बाई बगाया आल्या. म्हनल्या, चल, आंगूळ कर. मला न्हाणीत नेलं, ऊन पान्यानं टब भरला, आन जाताना म्हनल्या, आतनं कडी लाव. मी म्हनलं, कशापायी? म्हनल्या, कुनी येऊ नये म्हनून."

ती थांबली. रस्त्यावरून एक एसटी गेली.

"मला ठावंच न्हवतं, शेट. बाईमानसानं कडी लावली का कुनी येत न्हाई, ह्ये मला ठावंच न्हवतं. आमची आंगूळ वढ्यावर, नदीवर. अंधार आसतानाच. लुगड्यासकट. येकीनं पानी घ्यायचं, दुसरीनं वाटंकडं बगायचं. पावलं वाजली का उटायचं, अंगाला साबन आसला तरी उटायचं. त्या दिशी मी कानोसा न घेता न्हाले. येकदाच. लई बरं वाटलं." आणि पुन्हा म्हणाली, "लई बरं वाटलं."

मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि सकाळपासून हिच्यावर चिडत होतो त्याची लाजही वाटली. मी बशी परत घेतली आणि हॉटेलवाल्याला देऊन आलो.

"बबनला सांगू नगं," ती म्हणाली. "त्याचा तो झुरत बसंल. चल आता. टब तापला."

त्यानंतर ती कडी निवडायला आली. टाईल्स तिनं कोणत्याही चालतील म्हणून सांगितलं, फक्त पांढऱ्या. नळाचं नावही घेतलं नाही. कडीला मात्र एक सबंध दुपार लागली. दुकानातली प्रत्येक कडी मी लावून आणि काढून दाखवायची आणि तिनं डोळे मिटून ऐकायचं. ॲल्युमिनियमची ऐकून म्हणाली, "ही कुरकुरती." स्टीलची ऐकून म्हणाली, "ही गुमान बसती, लागली का न्हाई कळत न्हाई." शेवटी पोटमाळ्यावर वडिलांच्या वेळचं एक खोकं होतं, त्यात पितळेची एक जाड कडी निघाली. मी ती कोयंड्यात टाकली. खट् झालं.

तिनं डोळे उघडले. "हीच."

मी कडी कागदात बांधून बाजूला ठेवली. आणि त्याच सुमाराला मावशीला रानात चक्कर आली.

फार काही नव्हतं. पडली, उठली, घरी आली. पण बबन तिला मंचरला डॉक्टरकडं घेऊन गेला आणि तिथून थेट माझ्या दुकानात आला. "शेट, डॉक्टर म्हनल्यात, म्हाताऱ्या मानसाला न्हाणीत आतनं कडी लावू द्यायची न्हाई. आत पडली तर दार तोडंस्तवर मानूस जातंय. दाराला आतनं काय बी नको." चूक म्हणायचं तरी कसं? बरोबरच बोलत होता. माझ्या स्वतःच्या आईला मी हेच सांगितलं असतं. मी कागदात बांधलेल्या कडीकडं पाहिलं आणि दार तसंच पाठवलं.

न्हाणी झाली. रामदासनं जीव ओतून केली, हे मान्य केलं पाहिजे. पांढऱ्या टाईल्स, कोपऱ्यात तांब्याचा बंब, टब चौथ्या पायाच्या जागी नवी वीट घेऊन थाटात उभा. बबनची बायको मंगल मोबाईलवर फोटो काढत होती. तिच्या बहिणीनं त्याला विंटेज म्हटलं होतं, त्यामुळं तिलाही न्हाणी आवडायला लागली होती. मावशी सगळं बघत फिरली. टबाच्या कडेवरून हात फिरवला. बंबाचं तोंड उघडून बंद केलं. मग आत उभं राहून दार लोटलं आणि दाराच्या आतल्या बाजूवर हात ठेवला. हात थोडा वर नेला, थोडा खाली आणला. तिथं काही नव्हतं.

"ब्येस झालंय," असं म्हणून ती बाहेर आली.

आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखी पहाटे अंधारात कडब्याच्या गंजीमागं जाऊन आंघोळ करायला लागली.

घरात हलकल्लोळ झाला. त्या दिवसांत गावात बिबट्याचा वावर होता. कुणाची शेळी, कुणाचं कुत्रं गेलं होतं. वनखात्याची माणसं जीपमधून सांगत फिरत होती की अंधारात एकटं बाहेर पडू नका. आणि ही बया रोज त्याच वेळेला बादली घेऊन गंजीमागं. बबन चिडला, मंगल रडली, शेजारी समजावून गेले. "न्हाणी काय शोभंला केली का?" असं जो तो विचारायचा. ती भांडत नव्हती, उत्तरही देत नव्हती. शेवटी बबननं मला बोलावलं, की शेट, तुमचं ती ऐकती. माझं ती कधीच ऐकत नव्हती, पण गेलो.

पडवीत बसलो. बबन उभाच होता.

"आये, तिकडं बिबट्या फिरतोय."

"बिबट्या आला तर दिसतो तरी," मावशी म्हणाली.

"आन न्हाणीत काय वाईट हाय? येवढी केली तुज्यासाठी!"

"कडी न्हाई."

"डॉक्टरनं सांगितलंय, आये! आत चक्कर आली, पडलीस, तर मी काय करू? भायेर बसून हाका मारू?"

त्याचा आवाज फाटला. इतका वेळ मला तो हट्टी वाटत होता. तेव्हा दिसलं की तो घाबरलेला आहे, बाकी काही नाही. मी मावशीकडं पाहिलं. आळेफाट्यावरची गोष्ट माझ्या तोंडावर आली होती. तिनं ते ओळखलं.

"शेट, तू जाऊन नळ बग. गळतोय," ती म्हणाली. मग बबनकडं वळली. "डोंगरात पडले आसते तर कोन दार उगडनार व्हतं? तिथं तर दारच न्हवतं."

तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेल्या मंगलचा आवाज आला. ती बाहेर आली नाही, तिथूनच म्हणाली, "कडी लावा. मला बी लागती."

बबन दाराकडं बघत राहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पोरं शिकायला बाहेर गेली, आणि बायकोला कडी लागते हे त्याला आज समजत होतं. त्याच्या तोंडावरून तरी तसं वाटलं.

"आन आय पडली तर?" तो म्हणाला.

"आत्या आतनं हाळी देत ऱ्हातील," मंगल म्हणाली. "रानात देत्यात तशी. हाळी थांबली का दार तोडा."

मावशीनं काठी जमिनीवर एकदा आपटली. "ह्ये चालंल." सुनेकडं न बघताच म्हणाली, पण तिच्या तोंडावर मी प्रथमच हसू पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते, ते मला तोवर माहीत नव्हतं.

कडी मी स्वतः नेऊन दिली आणि रामदासनं बसवली.

पुढे एकदा त्या बाजूला माल पोचवून येताना बंगलीवर गेलो. बबन न्हाणीच्या दाराबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला होता. हातात काही नाही, नुसता बसला होता. आतून पाण्याचा आवाज आणि मध्येच मावशीची हाळी, "हुर्रर्र... हे हे हे!" मेंढरं रात्री बिथरली की घालतात तशी, गळ्यातून काढलेली. आणि खिडकीखाली तिच्या सगळ्या मेंढ्या माना वर करून उभ्या. तिनं हाळी दिली की त्या बें करून उत्तर द्यायच्या. मग पाण्याचा आवाज. मग परत हाळी, परत बें.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज," बबन म्हणाला. "लई येळ लावती."

मग हाळी आलीच नाही. पाण्याचाही आवाज नाही. मेंढ्या वर बघत राहिल्या. बबन खुर्चीतून उठला, दारापाशी गेला, हात वर केला. मीही त्याच्या मागं गेलो.

"मेले न्हाई आजून!" आतून आवाज आला. "नुसती बसलेय. बसू बी देत न्हाईत!"

बबन परत खुर्चीत बसला. खूप वेळानं ती बाहेर आली, धुतलेलं लुगडं, ओले पांढरे केस मोकळे पाठीवर. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मला बघून म्हणाली, "शेट, तुजा नळ आजून गळतोय."

नळ मी दुसऱ्याच दिवशी बदलून दिला.

गेल्या पौषात ती गेली. न्हाणीत नाही, चकरेनं नाही. दुपारी जेवून पडवीत आडवी झाली ती उठली नाही. निरोप आला तसा दुकान बंद करून निघालो. अंगण माणसांनी भरलं होतं. तळेघरहून तिची भाची आली की निघायचं, असं ठरलं होतं. रीतीप्रमाणे अंगणात पाट मांडला होता, घंगाळात ऊन पाणी काढलं होतं. शेवटची आंघोळ सगळीकडं अंगणातच घालतात. चार बायका चारी बाजूंनी लुगडी धरून आडोसा करतात आणि पुरुष तोंड फिरवून उभे राहतात. बायकांनी लुगडी हातात घेतली होती.

मंगल पुढं झाली. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "आत न्या. न्हाणीत."

जमलेली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. असं कुणी करत नाही, कुणीतरी म्हणालं. मेलेल्या माणसाला आत परत नेत नाहीत. मंगल ऐकायला थांबली नाही. तिनं आणि आणखी तिघींनी मावशीला उचललं. मागून घंगाळ नेलं. त्या रुंद दारातून चौघी तिला आडवी घेऊन, कुठंही न अडता, न वाकता, सरळ आत गेल्या. रामदास माझ्याशेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली.

दार लागलं. मग कडी लागल्याचा आवाज आला. खट्. अंगणभर ऐकू गेला.

मेंढ्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या होत्या. आतून पाण्याचा आवाज येत होता. त्या माना वर करून थांबल्या होत्या आणि कुणी हाळी देत नव्हतं. बबन सवयीनं त्याच खुर्चीत जाऊन बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. बराच वेळ झाला. भाची येऊन पोचली, तिरडी बांधून झाली, ऊन कलायला लागलं. एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "उशीर होतोय, राव. दार वाजवा."

बबन उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"वाजवायचं न्हाई," तो म्हणाला. "आतनं कडी हाय."